‘अव्हॉइड’ म्हणजे नक्की किती नको?

उस्मानपुऱ्यातून आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी बोलतोय. मागच्या वेळी आपण पासबुकातले शब्द पाहिले होते. आज एकच शब्द घेतलाय, तोही इंग्रजी. ‘अव्हॉइड’.

हा काय नवा शब्द, असं म्हणाल तुम्ही. खरंच नवा नाही. “शुगर निघाली ना, भात अव्हॉइड करतेय सध्या.” “हळदीपासून ती मला अव्हॉइडच करते.” आमच्या उस्मानपुऱ्यात हे रोज कानावर पडतं, आणि गंगापूर-पैठणकडच्या गावांत गेलो तरी पडतं. शाळेचं तोंड न पाहिलेली आजीसुद्धा बिनचूक वापरते. बोलताना हा शब्द अगदी गरीब असतो. कागदावर आला की मात्र त्याचा नूर बदलतो. गोळ्यांच्या पाकिटावर तो असतो, फवारणीच्या औषधासोबतच्या पत्रकात असतो, विम्याच्या कागदात असतो, मोबाइलवर रात्री आठ वाजता येणाऱ्या मेसेजमध्येही असतो. शब्द एकच, पण सगळीकडे सांगणं वेगळं.

आधी ओळख करून घेऊ. अक्षरं पाच: ए, व्ही, ओ, आय, डी. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनीही ही पाच अक्षरं मुलीच्या वहीत मोठी काढून घ्यावीत. एकदा नजरेत बसली की पाकिटावर पटकन सापडतात. उच्चार करताना ‘व्हॉइड’वर जोर द्यायचा. आणि हा ‘व्हॉइड’ म्हणजे रिकामं, पोकळ. जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच रिकामं करणं असा होता. पुढे त्याचा अर्थ जागा सोडणं, निघून जाणं असा झाला आणि मग आज आपण म्हणतो तो, लांब राहणं. तो जुना अर्थ पुसला गेला नाही. वकिलांच्या कागदात तो अजून जिवंत आहे. करार ‘व्हॉइड’ झाला म्हणजे रद्दबातल झाला. विम्याच्या कागदात ‘कंपनी मे अव्हॉइड द पॉलिसी’ असं असेल, तर कंपनी पॉलिसीपासून लांब राहील असा त्याचा अर्थ नाही. कंपनी पॉलिसी रद्द करू शकते, असा आहे. फॉर्म भरताना आजार लपवला, वय खोटं सांगितलं, तर ही वेळ येते. म्हणून फॉर्म एजंटानं भरला तरी सही करण्याआधी तो वाचून घ्यायचा. जीवन विम्याबाबत कायद्यानं एक आधार दिला आहे: पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की त्यानंतर कंपनीला कुठल्याही कारणावरून ती पॉलिसी वादात ओढता येत नाही. वकिलीचं एवढंच पुरे. आपलं खरं काम पुढे आहे.

ते म्हणजे औषध.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पाकिटावर, दवाखान्यातून घरी सोडताना देतात त्या कार्डावर ‘अव्हॉइड’ लिहिलेलं असतं. कुणीतरी आपल्याला त्याचं मराठी करून सांगतं: “हे टाळा.” इथेच घोळ होतो. मराठीत ‘टाळा’ म्हटलं की ते सल्ल्यासारखं वाटतं. जमलं तर टाळा, नाही जमलं तर राहू द्या. इंग्रजी ‘अव्हॉइड’ कधी तेवढंच सांगत असतो आणि कधी मात्र तो सरळ मनाई करत असतो.

रक्तवाढीच्या गोळ्या घ्या. आपल्या गटांत निम्म्या जणींनी त्या कधी ना कधी घेतल्यात. तिथे चहा अव्हॉइड करा म्हणतात. त्याचा अर्थ चहा सोडा असा नाही. मराठवाड्यात बाईला चहा सोडायला सांगणं म्हणजे अर्धं आयुष्य सोडायला सांगणं. त्याचा अर्थ एवढाच की गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, कारण चहानं गोळीतलं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी चालतं, उलट त्यानं फायदाच होतो. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेवायचं. म्हणजे इथे अव्हॉइड हा घड्याळाचा शब्द झाला. हे नीट न सांगितल्यानं काय होतं? चहा की गोळी असा सवाल उभा राहतो, आणि गोळी मागे पडते. फडताळात गोळ्यांची पाकिटं तशीच पडून राहतात, बाई मात्र जिना चढताना धापा टाकते.

आता दुसरं. सिझर झालेल्या बाईच्या कार्डावर लिहिलेलं असतं, जड वजन उचलणं अव्हॉइड करा. सासूबाई विचारतात, जड म्हणजे किती? हंडा जड, की भरलेला डबा जड, की मोठं पोर जड? आणि किती दिवस? सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. कार्डावर त्याचं उत्तर नसतं, म्हणून ते दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्यायचं, आणि शक्यतो नवऱ्याच्या समोर. घरी आल्यावर बाईनं सांगितलं तर ते निमित्त वाटतं. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सांगितलं की तो हुकूम होतो. हे आम्ही अनुभवावरून सांगतो.

आणि तिसरं, सगळ्यात कडक. गरोदरपणात तंबाखू अव्हॉइड करा. हे ऐकलं की मिश्री लावणारी म्हणते, “मी तंबाखू खातच नाही, नुसती मिश्री लावते, आणि तीही आता कमी केलीय.” बायांनो, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून तो थेट रक्तात जातो. त्यानं बाळाचं वजन कमी भरतं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं. इथे ‘अव्हॉइड’चं मराठी ‘कमी करा’ असं नाही, ‘शक्यतो टाळा’ असंही नाही. इथे त्याचं मराठी आहे ‘वर्ज्य’. आपल्या आज्यांकडे हा शब्द होता. अमुक पदार्थ या दिवसांत वर्ज्य, म्हणजे वर्ज्य, चिमूटभरही नाही. ‘पथ्य’ हाही शब्द होता. पथ्य पाळायचं म्हणजे काय, किती दिवस, हे घरातल्या सगळ्यांना कळायचं. आम्हाला तर वाटतं, औषधांच्या बाबतीत अव्हॉइडला सगळ्यात जवळचा शब्द टाळणं नसून पथ्यच आहे.

त्यामुळे डॉक्टर किंवा आशाताई ‘अव्हॉइड’ म्हणाल्या की आपण लगेच विचारायचं: “म्हणजे पथ्य की वर्ज्य? आणि कधीपर्यंत?” लाजायचं नाही. विचारणारीला कुणी अडाणी म्हणत नाही. म्हटलं तरी म्हणू दे.

फवारणीच्या औषधाचं यापेक्षा गंभीर आहे. कीटकनाशकाच्या पत्रकात लिहिलेलं असतं, श्वासातून आत जाणं अव्हॉइड करा, कातडीला आणि डोळ्यांना लागणं अव्हॉइड करा. मराठी पत्रकातही ‘टाळा’च असतं, पुन्हा तेच सल्ल्यासारखं वाटणारं. २०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. त्या वर्षी पराट्या माणसापेक्षा उंच झाल्या होत्या, फवारा अंगावर, तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. तोंडाला फार तर रुमाल. अशा ठिकाणी ‘टाळा’ हा शब्द फार मवाळ आहे. तिथे लिहायला हवं होतं, ‘अंगाला लागू द्यायचं नाही’.

आणि हे फक्त गड्यापुरतं आहे असं समजू नका. फवारा त्याच्या पाठीवर असतो, पण पाणी कोण आणून देतं? औषध कालवायला काठी कोण धरतं? संध्याकाळी त्याचे कपडे कोण धुतं? आणि दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला कोण जातं? आपणच. कातडीला लागणं अव्हॉइड करा, यात धुणं धुणारीची कातडीही आली. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, हातमोजे घालून वेगळे धुवायचे. रिकामा डबा कितीही चांगला असला तरी त्यात पाणी, तेल, डाळ काही भरायचं नाही. कितीही घासला तरी नाही.

वाचता येत नसेल तर डब्यावरची चौकोनी खूण बघा. चौकोन उभा, टोकावर ठेवल्यासारखा, त्याचा खालचा भाग रंगीत. लाल म्हणजे अति जहाल. त्याच्यावर कवटीही असते. पिवळा म्हणजे जहाल. निळा मध्यम. हिरवा त्यातल्या त्यात कमी विषारी. हिरवा म्हणजे बिनविषारी असं मात्र नाही. ट्रॅफिकच्या सिग्नलची सवय झालेल्यांची इथे फसगत होते. कुणाला विषबाधा झालीच, तर दवाखान्यात जाताना डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या. औषध कुठलं होतं हे कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, पाच मिनिटांचं आहे. ज्यांच्या मुली दहावी-बारावीला आहेत त्यांनी मुलींनाही रेडिओजवळ बसवा. इंग्रजीत ‘अव्हॉइड’च्या पुढे ‘टू गो’ येत नाही, ‘गोइंग’ येतं. ‘आय अव्हॉइड गोइंग देअर.’ परीक्षेत हमखास चुकतं ते इथेच. शाळेत हे पाठ करून घेतात, पण पाठ करण्याची गरजच नाही, कारण आपली मराठी हेच करते. आपण “मी तिकडे जाणं टाळते” म्हणतो. “मी तिकडे जायला टाळते” असं कुणी म्हणतं का? कानाला खटकतं. म्हणजे ‘टाळणं’च्या आधी मराठीत ‘जाणं’ लागतं आणि ‘अव्हॉइड’च्या पुढे इंग्रजीत ‘गोइंग’ लागतं. उलट “तिनं यायला नकार दिला” यात ‘यायला’ आहे, तर इंग्रजीत ‘रिफ्यूज्ड टू कम’. हे सूत्र प्रत्येक क्रियापदाला चालेल असं नाही, पण या दोन ठिकाणी ते पक्कं आहे. आपल्या मुलीला इंग्रजी येत नाही असं म्हणण्याआधी तिला मराठी किती चांगली येते हे एकदा बघा. निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

मराठीत आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे ‘टाळणं’ आहे तसं ‘टळणं’ही आहे. अपघात टळला. संकट टळलं. कुणी टाळलं ते सांगायची गरजच नाही, आपोआप टळल्यासारखं. इंग्रजीत अशी सोय अव्हॉइडला नाही. आणि ही सोय कधीकधी आपल्याला महागात पडते. “गटात भांडण होता होता टळलं.” टळलं नव्हतं. अध्यक्षबाई दोन रात्री घरोघरी फिरल्या होत्या, म्हणून टळलं होतं. बैठकीच्या वहीत तसं लिहायला हरकत नाही.

ऑफिसची पत्रं तर या बाबतीत आपल्याही पुढे. ‘अनअव्हॉइडेबल’ कारणांमुळे कार्यक्रम रद्द, मराठीत ‘अपरिहार्य कारणास्तव’. अपरिहार्य म्हणजे जे टाळता येणारच नाही असं. बहुतेक वेळा साहेबांना दुसरीकडे जायचं असतं.

आता पैशाकडे येऊ. इथे आमच्या वस्तीतली एक गोष्ट सांगायलाच हवी. उस्मानपुऱ्यात गटात मराठी बोलणाऱ्या आहेत, तशा हिंदी, दखनी बोलणाऱ्याही आहेत. एका बैठकीत एक बाजी म्हणाल्या, “मैंने तो किश्त चुका दी.” शेजारची मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, “अगं बाई, हिनं हप्ता चुकवला!” बाजींनी हप्ता भरला होता. हिंदीत ‘चुकाना’ म्हणजे फेडणं, मराठीत ‘चुकवणं’ म्हणजे बुडवणं. पावती दाखवेपर्यंत दहा मिनिटं गोंधळ चालला, मग चहा झाला. त्या दिवसापासून त्या गटात ‘भरला’ आणि ‘नाही भरला’ हे दोनच शब्द चालतात. इंग्रजीतही अशीच बारीक रेघ आहे. कायद्यात दिलेल्या सवलती वापरून कर कमी भरणं याला टॅक्स ‘अव्हॉइडन्स’ म्हणतात, आणि उत्पन्न लपवून कर बुडवणं याला ‘इव्हेजन’. दुसरा गुन्हा आहे. मराठीत ज्याला करचुकवेगिरी म्हणतात तो हा दुसरा.

आणि आता तो रात्रीचा मेसेज. “टू अव्हॉइड डिसकनेक्शन...” तुमचं मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ते टाळण्यासाठी ताबडतोब या नंबरवर फोन करा. या वाक्याची बांधणी ओळखून ठेवा. ‘टू अव्हॉइड’ म्हणजे ‘टाळायचं असेल तर’. त्याच्या पुढे भीती असते, आणि तिच्यापाठोपाठ काहीतरी मागणं. खरी नोटीसही याच साच्यात येते: दंड टाळण्यासाठी अमुक तारखेच्या आत हप्ता भरा. खोटा मेसेजही याच साच्यात येतो, फक्त त्याला घाई फार असते, आणि भरायची जागा ऑफिस नसते, कुणाचा तरी मोबाइल नंबर असतो. असे मेसेज वैयक्तिक मोबाइल नंबरवरून आम्ही पाठवत नाही, हे महावितरणनं वारंवार सांगितलं आहे. फोन केला की तो माणूस गोड बोलतो, एखादं अ‍ॅप टाकायला सांगतो, दहा रुपये भरून बघा म्हणतो, आणि खातं रिकामं होतं. गटाचा पैसा ज्या खात्यात आहे त्या खात्याचा मोबाइल ज्या ताईकडे असेल, तिनं हे खास ऐकावं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

खऱ्या नोटिशीतल्या दंडाबद्दलही एक माहिती असू द्या. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला नियम काढला. हप्ता थकला तर बँक किंवा वित्त कंपनी दंड लावू शकते, पण तो व्याजदरात मिसळून नाही, वेगळा दाखवून. आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. वसुलीला आलेला माणूस ‘टू अव्हॉइड पेनल्टी’ म्हणाला तर विचारा, किती पेनल्टी, कागदावर दाखवा.

शेवटी माणसांबद्दल बोलायचं राहिलं. “ती मला अव्हॉइड करते” हे वाक्य सुरुवातीला घेतलं होतं. दोघी जावांचं पटत नाही, एक नळावर आली की दुसरी मागे फिरते, हे अव्हॉइड. समोर उभं राहूनही बघितलंच नाही असं दाखवणं, हे ‘इग्नोर’, आपण त्याला डावलणं म्हणू. दोन्हीचा त्रास होतो, पण ते दोघींपुरतं असतं. अख्ख्या गावानं, अख्ख्या जातीनं एखाद्या घराशी बोलणं, येणं-जाणं, लग्नकार्याला बोलावणं बंद केलं, तर त्याला अव्हॉइड म्हणत नाहीत. इंग्रजीत त्याला ‘शन’ असा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे ‘वाळीत टाकणं’. आणि वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. असा खास कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून जातपंचायतीनं घर वाळीत टाकलं, तर पोलिसांत जाता येतं. तिथे कुणी “आम्ही फक्त त्यांना टाळतो” म्हणालं, तरी त्याच्या गोड शब्दाला भुलायचं नाही.

या दोन्हींच्या मध्ये एक टाळणं आहे. त्याला गुन्हाही म्हणता येत नाही आणि भांडणही म्हणता येत नाही. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला न बोलावणं. कुणी तिला नको म्हणत नाही. तिचं नाव यादीत येत नाही, एवढंच. ओटी भरताना ती स्वतःच दोन पावलं मागे सरकते, आणि आपण म्हणतो, तिला आवडत नाही असलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगितलं. ठराव ग्रामपंचायतीचा असला, तरी हळदीकुंकवाची यादी आपण करतो. आपल्या काही गटांनी संक्रांतीच्या बैठकीला वाण देताना हजेरीचं पुस्तकच समोर ठेवलं. जितक्या सदस्य, तितकी वाणं, पुस्तकातल्या क्रमानं. वेगळं भाषण नाही, काही नाही. एक-दोघींनी वाण घेताना हात आखडता घेतला, पण नाव पुकारलं गेलं होतं.

वेळ संपत आली. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातलं एखादं गोळ्यांचं पाकीट, फवारणीच्या औषधाचं पत्रक किंवा आलेला इंग्रजी मेसेज सोबत आणा. गोळ्या रिकाम्या झाल्या असल्या तरी पाकीट चालेल. पत्रक मात्र घरात बसून चाळा, त्याला औषध लागलेलं नाही ना ते बघून. ए, व्ही, ओ, आय, डी शोधून त्यावर पेन्सिलीनं गोल करा, आणि बैठकीत सगळ्याजणी मिळून त्याच्या शेजारी मराठी शब्द लिहू: पथ्य, वर्ज्य, रद्द, नाहीतर आणखी कुठला.